तिसरी फेरी

व्यंकट,

काल लातूरला तुझी शोकसभा झाली. त्या सभेचा राग माझ्या डोक्यातून अजून उतरलेला नाही, म्हणून आज पॉलिटेक्निकमधला माझा तास दुसऱ्या मॅडमच्या गळ्यात घालून हे लिहायला बसले आहे. तू असतास तर म्हणाला असतास, "बाई, आधी पाणी पी, मग भांड." प्यायले पाणी. आता भांडते.

तुझ्या फोटोखाली काय लिहिलं होतं माहीत आहे? 'वेगाचा शिल्पकार'. क्लासच्या मोठ्या हॉलमध्ये, जिथे एरवी टॉपर पोरांचे फोटो झळकतात, त्याच जागी तुझा फ्लेक्स लावला होता. झेंडूचा हार होता, उदबत्ती होती, आणि तुझ्या फोटोच्या डोक्यावर, तुझ्याहून मोठा, क्लासच्या मालकांचा हसरा फोटो होता. ज्यांना सगळं लातूर 'मोठे सर' म्हणतं, तेच. मेलेल्या माणसाच्या फ्लेक्सवरही आपलाच फोटो मोठा लावायला जिगर लागते. मी सुमित्राच्या शेजारी बसले होते. तुझ्या बायकोने फ्लेक्सकडे एकदा पाहिलं आणि मग सभा सुरू होईपर्यंत पदराचं टोक बोटाला गुंडाळत राहिली.

मोठे सर बोलायला उभे राहिले. म्हणाले, व्यंकटरावांनी आमच्या नेटवर्कचा वेग वाढवला, म्हणून लातूरचं लेक्चर आज कंधारच्या पलीकडे पोचतं. म्हणून या संपूर्ण नेटवर्कला आम्ही त्यांचं नाव देत आहोत. टाळ्या पडल्या. शोकसभेत टाळ्या! मला वाटलं उठावं आणि ओरडावं, की ज्या कामासाठी या माणसाने तुमच्याशी वर्षानुवर्षं वाद घातला, तेच काम मोडून वर त्याचं नाव लावताय? पण तेव्हा उठले नाही. नंतर उठले. ते शेवटी सांगते, कारण आधी तुझं माझं बाकी आहे.

तुझी पहिली आठवण म्हणजे नांदेड स्टेशनबाहेरचं ते हॉटेल. आपण दोघं इंजिनिअरिंगला, मी नांदेडच्या मास्तराची पोरगी, तू लातूरजवळच्या मुरुडहून आलेला, घरी शेती, पायात टायरच्या चपला, आणि कॉलेजच्या हौशी वायरलेसवाल्यांच्या हॅम रेडिओ क्लबात सगळ्यात आधी येऊन सगळ्यात शेवटी जाणारा. पोऱ्या ऑर्डर घ्यायला आला की तू सांगायचास, "दोन हाफ चहा, एक प्लेट भजी. परत म्हण." तो बिचारा बघत राहायचा. "परत म्हण की. काय सांगितलं मी?" त्याने परत म्हटलं की तू मान हलवून म्हणायचास, "बरोबर." मग तो सुटायचा. मी लाजेने टेबलाखाली जायची बाकी राहायचे.

वायरलेसवाल्यांची ती रीतच आहे. निरोप मिळाला की मिळालेला निरोप जसाच्या तसा परत म्हणायचा, आणि पाठवणाऱ्याने 'बरोबर' म्हणेपर्यंत तो पोचला असं धरायचं नाही. आम्ही सगळे ती रीत सेटवर पाळायचो आणि सेट बंद केला की विसरायचो. तू घरी नेलीस. सुमित्राने मीठ आणायला सांगितलं की दारातून वळून विचारायचास, "मीठ. बरोबर?" आणि ती आतून ओरडायची, "मीठच हाय, सोनं न्हाई! जा आता!"

मग विसर्जनानंतरच्या त्या पहाटे भूकंप झाला. किल्लारीकडची गावंच्या गावं खाली बसली. टेलिफोनच्या तारा मेल्या होत्या आणि आपल्या क्लबाचे तीन सेट घेऊन आपण पोचलो. मी लातूरला, एका सरकारी कार्यालयाच्या आवारातल्या झाडाखाली. तिसरा सेट जीपमध्ये घालून आपल्या दोस्तांनी गावांकडे नेला. आणि तू मधे, औशाला एका शाळेच्या गच्चीवर. लातूरचा आवाज गावांकडे सरळ पोचत नव्हता, म्हणून मी तुला सांगायचं आणि तू पुढे सांगायचं. तिकडचं तू ऐकायचं आणि मला सांगायचं. मधल्या माणसाची अडचण अशी, की तो बोलतो तेव्हा त्याला ऐकू येत नाही, आणि ऐकतो तेव्हा बोलता येत नाही. एकच तोंड, एकच कान, आणि दोन्ही बाजूंना रांगा लागलेल्या.

माझ्याकडच्या रांगेत साहेब लोक होते. तंबू किती लागतील, ट्रक कुठवर आला, अमुक साहेब कधी पोचतात. एक निरोप झाला की दुसरा तयार. तिकडच्या रांगेत चिखलात उभी असलेली माणसं होती, आणि त्यांचे निरोप चार शब्दांचे होते. दुपारपर्यंत सगळा वेळ साहेबांनीच खाल्ला. मी तुला म्हटलं, हे परत म्हणणं बंद करू या, निम्मा वेळ त्यात जातोय, निदान तिकडच्यांचा नंबर तरी लागेल. तू ऐकलं नाहीस. चिडून म्हणालास, "ज्यानं परत म्हटलं न्हाई त्याला पोचलं का न्हाई, हे तू कशावरून सांगशील?" मी म्हटलं, लोक रडताहेत तिकडे. तू म्हणालास, "म्हणूनच चुकायचं न्हाई." इतका राग आला होता ना तुझा, की सेटचं बोलायचं बटण सोडून मी तुला चार शिव्या दिल्या. तुला त्या ऐकू आल्या नाहीत, हे एक बरं.

पण दुसऱ्या दिवशी तू तोडगा काढलास. म्हणालास, मी तुझा निरोप पुढे गावांकडे सांगतो, तेव्हा तो तुलाही ऐकू येतोच की. तेच माझं परत म्हणणं समज. चुकलं तर टोक, नाहीतर गप. वेगळं परत म्हणण्याचा वेळ वाचला, आणि रीतही मोडली नाही. जो वेळ वाचला तो तू कुणाला दिलास, तेही आठवतं. माझ्यासमोर उभ्या असलेल्या साहेबांना तू सेटवरूनच ऐकवलंस, "साहेब, आता एक तुमचा, एक त्यांचा. तिकडून येतो त्यो पण निरोपच हाय." साहेब लालबुंद झाले. मला म्हणाले, कोण आहे हा? मी म्हटलं, मधला.

त्यानंतर पहिला निरोप आला तो एका म्हाताऱ्याचा. नांदेडला दिलेल्या लेकीसाठी. 'मी हाय', एवढाच. मी रीतीप्रमाणे परत म्हटलं, "मी हाय. बरोबर?" आणि तू औशाच्या गच्चीवरून म्हणालास, "बरोबर." मग मी रडले. नांदेडहून आलेली शहाणी मुलगी एका झाडाखाली सेट मांडीवर घेऊन हमसून हमसून रडत होती आणि शेजारचा शिपाई मला म्हणत होता, "पण त्यो तर जिता हाय म्हनून राहिला ना ताई, मग रडता काहून?"

त्या चार-सहा दिवसांनी तुझं आयुष्य ठरवलं, असं मी म्हटलं की तू हसायचास. पण खरंच आहे ते. नंतर मी पॉलिटेक्निकला लागले, तू इकडे तिकडे सेट दुरुस्त करत राहिलास, आणि लातूरात क्लासचं पेव फुटलं. गल्लोगल्ली बोर्ड, गल्लोगल्ली होस्टेल, नांदेडची पोरं लातूरला आणि लातूरची पोरं आणखी चांगल्या क्लासला. तू मला चिडवायचास, "तुमच्या नांदेडला मास्तर उरले न्हाईत वाटतं." मी म्हणायचे, आमचे मास्तर तुम्ही पळवले. आता नांदेडलाही तेच बोर्ड आहेत, तेव्हा ती थट्टाही संपली.

मोठ्या सरांनी तुला बोलावलं ते खेड्यातल्या सेंटरसाठी. ज्यांना लातूरला खोली घेऊन राहणं जमत नाही, त्या पोरांपर्यंत लेक्चर न्यायचं होतं. पाण्याच्या टाक्यांवर, माळांवर डिश लावायच्या आणि एकाकडून दुसऱ्याकडे सिग्नल पाठवत न्यायचा. तू आनंदाने वेडा झाला होतास. "बाई, औशाची गच्चीच हाय ही," म्हणालास. "फक्त आता मधे मी न्हाई, डबा हाय."

आणि मग तू तो डाव शोधलास ज्याचा मला आजही हेवा वाटतो. कंधारच्या पलीकडच्या त्या सेंटरपर्यंत मधे तीन टॉवर होते, पण तू समजावताना एकच धरायचास. लातूरहून लेक्चर मधल्या टॉवरला जाणार, टॉवर ते गावाला देणार. दोन फेऱ्या. गावातल्या पोराचा प्रश्न टॉवरला येणार, टॉवर तो लातूरला देणार. आणखी दोन. म्हणजे दोन निरोपांना चार फेऱ्या. तू म्हणालास, तीनच पुरतात. कशा? मुरुडला तुझ्या ओसरीवर बसून तू शेंगांचे दाणे मांडलेस. "ह्या बाजूनं पाच आले. त्या बाजूनं तीन आले. मधल्यानं पाच वेगळे आणि तीन वेगळे सांगायचंच न्हाई. एकदाच ओरडायचं, आठ! ज्यानं पाच पाठवले त्याला आपले पाच माहीत हायेत. त्यानं वजा करावेत, तीन मिळतील. ज्यानं तीन पाठवले त्यानं तीन वजा करावेत." मग दाणे तोंडात टाकून म्हणालास, "मधल्याचं एक ओरडणं वाचलं."

हा विचार जगात तू एकट्याने केला असं मी म्हणत नाही. मोठमोठ्या ठिकाणी लोक यावर काम करतात, मी ते नंतर वाचलं. पण तू तो आमच्या माळावर, आमच्या विजेवर, आमच्या वानरांनी डिश वाकडी केल्यावर चालवून दाखवलास. आणि तुला विचारलं, की याने थ्रूपुट किती वाढलं, की तू आधी समोरच्याला तो शब्द समजावायचास. "थ्रूपुट म्हंजी कोण किती जोरात पळालं ते न्हाई. किती पोचलं, ते." पोचलं यात तुझ्या लेखी परत आलेलंही धरलेलं असायचं.

परतीच्या वाटेने आलेला पहिला प्रश्न आठवतो? मी तेव्हा लातूरच्या कंट्रोल रूममध्ये होते, मुद्दाम आले होते. मोठे सर हॉलमध्ये केमिस्ट्री शिकवताना आपल्याला पडद्यावर दिसत होते, तोफखाना सुरू होता. आणि कंधारपलीकडच्या त्या गावातून, तिथे अकरावीला असलेल्या पार्वतीचा आवाज हॉलमध्ये घुमला: "सर, जरा हळू सांगा." एवढंच. तू खुर्चीवरून उडालास. माझ्या पाठीत धपाटा घालून म्हणालास, "आला! बाई, परत आला!" पडद्यावरच्या मोठ्या सरांचा चेहरा तेव्हा तू पाहिला नाहीस. मी पाहिला. लातूरच्या स्टार बॅचची दीडशे पोरं मागे वळून स्पीकरकडे बघत होती, आणि सरांना त्यांच्यासमोर हळू व्हावं लागलं.

त्या दिवसापासूनच तिसरी फेरी त्यांच्या डोळ्यांत खुपायला लागली.

मग एक दिवस त्यांनी तुला बोलावून विचारलं, की व्यंकटराव, लेक्चर पोचायला फेऱ्या किती? तू म्हणालास दोन. मग तिसरी कशासाठी? गावाच्या प्रश्नासाठी. मग ती बंद करा, चित्र स्वच्छ दिसेल, स्पीड वाढेल. तू त्यांना दाणे मांडून सांगितलंस, सर, तीन फेऱ्यांत दोन निरोप पोचतात, दोन फेऱ्यांत एकच. हिशेबाने तीनच चांगल्या. आणि ते काय म्हणाले, ते तू मला सांगितलंस तेव्हा तुझा आवाज बसला होता. ते म्हणाले, "दुसरा निरोप कुठला? पोरीनं हळू म्हटलं, त्याला निरोप म्हणायचं का?"

व्यंकट, मी गणित शिकवते. गणितात बसवलेली बदमाशी मला लांबून ओळखू येते. काय मोजायचं हे एकदा आपल्या हातात ठेवलं की उत्तर आपल्याला हवं तेच येतं. पोराचा प्रश्न निरोपच नाही असं ठरवलं, की प्रश्न बंद केल्याने वेग वाढतो. साहेबांनीही झाडाखाली हेच केलं होतं. फक्त साहेबांना तू तोंडावर सुनावलं होतंस, आणि इथे तू गप्प बसलास.

हेच माझं तुझं भांडण, आणि ते तसंच लटकत ठेवून तू गेलास. तू परतीची वाट बंद केलीस. आठ महिन्यांपूर्वी मुरुडला तुझ्या ओसरीवर मी तुला म्हटलं, "व्यंकट, तुझं नेटवर्क आता भोंगा झालंय. देवळावरचा भोंगा. एक बोलतो, गाव ऐकतं." तू तडकलास. "नोकरी सोडू का मग? मी गेलो तर दुसरा येईल, त्यो तर तार कापूनच टाकील. मी काढलं न्हाई, बंद केलंय फक्त." मी म्हटलं, बंद केलेलं आणि काढलेलं, गावातल्या पोराला यात काय फरक दिसतो? तू ताटातले दाणे उचलून आत गेलास. त्यानंतर तू फोन केला नाहीस, मीही नाही केला. आणि मंगळवारी सुमित्राचाच फोन आला.

मी जे म्हटलं ते मी मागे घेत नाही. तू गेलास म्हणून तुझं बरोबर ठरत नाही. मेलेल्या माणसाशी वाद घालू नये म्हणतात. मग काय करावं? वाद अर्धा टाकून जाणाऱ्याने आधी सांगून जावं.

तर काल. मोठ्या सरांनी नाव जाहीर केलं, टाळ्या पडल्या, मग एकेक जण उठून बोलायला लागला. तुझ्याशी कधी चार वाक्यं न बोललेले लोक तुझ्या साधेपणावर बोलत होते. तेव्हा माझं लक्ष कॅमेऱ्याकडे गेलं. लाल दिवा चालू होता. म्हणजे ही सभा सगळ्या सेंटरांवर दिसत होती. मी उठून मागे कंट्रोल रूममध्ये गेले. तुझा अजहर तिथे होता, तुझ्याबरोबर इतकी वर्षं टॉवर चढलेला. डोळे सुजलेले होते त्याचे. मी विचारलं, कंधारपलीकडे कोणी बसलंय का ऐकायला?

"बसलेत ना मॅडम. पार्वती हाय. तीच चालवते आता ते सेंटर. गाव जमलंय समदं."

"त्यांना बोलायचं असेल तर?"

अजहर खाली बघायला लागला. "कसं बोलणार? बंद हाय ना ते."

मी त्याला विचारलं, काढलंय का? तो म्हणाला, "न्हाई मॅडम. व्यंकट सरांनी काढूच दिलं न्हाई." आणि मग खालच्या आवाजात त्याने ते सांगितलं जे तू मला आठ महिन्यांत सांगितलं नाहीस. की रोज क्लास सुटला, मोठे सर गाडीत बसून गेले, की तू ती वाट उघडायचास. खुर्ची ओढून बसायचास आणि गावाचे प्रश्न ऐकायचास. स्वतःला येतील ते सांगायचास, न येतील ते वहीत घेऊन मास्तरांच्या मागे लागायचास, आणि दुसऱ्या दिवशी उत्तर द्यायचास. "पोरांकडून परत म्हणून घ्यायचे," अजहर म्हणाला. "न्हाई म्हटलं तर सोडायचे न्हाई."

मूर्खा. मला एक फोन करायला काय झालं होतं तुला? मी भोंगा म्हटलं ते एवढं लागलं, की खरं काय ते सांगायचंही नाही? मी आले असते ना. केमिस्ट्री नाही येत मला, पण गणिताचे प्रश्न मी घेतले असते. संध्याकाळी तुझ्या शेजारी खुर्ची टाकून बसले असते. ते एवढे महिने आपण दोघांनी वाया घालवले, आणि त्यात निम्मा वाटा तुझा आहे. तरीही, ते ऐकून माझ्या छातीवरचं काहीतरी उतरलं. तू गप्प बसला नव्हतास. फक्त कुणाला ऐकू येणार नाही असं बोलत होतास.

"मंगळवारपासून उघडलंच न्हाई कुणी," अजहर म्हणाला. "त्यांना कुणी सांगितलं का न्हाई, तेबी माहीत न्हाई. गावात मोबाइलला रेंज न्हाई."

म्हणजे त्या गावाला तू गेल्याचं पडद्यावरचा हार बघून कळलं असणार. आणि विचारायची सोय नाही.

मी म्हटलं, "उघडा."

"मॅडम, मोठे सर गुस्सा करतील. स्पीड पडेल, चित्र अडकेल."

मी हॉलमध्ये गेले आणि बोलणाऱ्या माणसाच्या हातातला माइक घेतला. कोण होता तेही आठवत नाही. म्हटलं, मी सुनंदा, व्यंकटची मैत्रीण. ही सभा ज्यांना दिसतेय त्यांनाही बोलायचंय. परतीची वाट उघडा. मोठे सर स्टेजवरून गोड हसत म्हणाले, "मॅडम, भावना समजतात. पण तांत्रिक अडचण आहे, चित्र खराब होईल. नंतर बघू." मी काही बोलायच्या आत माझ्या मागून आवाज आला. तुझी सुमित्रा उभी राहिली होती. तू गेल्यापासून ती चार माणसांत एक शब्द बोलली नव्हती.

"उघडा," ती म्हणाली. "न्हाईतर माझ्या माणसाचं नाव काढा तिथून. आत्ताच्या आत्ता काढा."

मोठ्या सरांनी अजहरकडे पाहिलं, आणि अजहरने कशाचीही वाट न बघता बटण दाबलं. चित्र अडकलंच. पाठीमागच्या पडद्यावर मोठ्या सरांचा चेहरा तोंड उघडं, एक डोळा अर्धा मिटलेला, असा गोठून राहिला, आणि सगळी सेंटरं तेच बघत राहिली असतील. तू पाहायला हवं होतंस. शोकसभेत हसू नये म्हणून मी ओठ चावला. ती वाट आज सकाळीही उघडीच आहे, अजहरने फोन करून सांगितलं. उद्या कुणी बंद करायला गेलं तर सुमित्रा आणि मी तिथे खुर्च्या टाकून बसणार आहोत, असं आमचं ठरलंय.

स्पीकरमध्ये खरखर झाली. मग पार्वतीचा आवाज आला. ती आता बाई झाली आहे, पण आवाज तोच, सर जरा हळू सांगा म्हणणारा.

"लातूर, ऐकू येतंय का? आम्ही लई येळ झालं बोलून राहिलोत." मागे माणसांचा गलका होता, कुणीतरी गप करत होतं. "तुमचा निरोप परत म्हणते. आमचे व्यंकट सर मंगळवारी वारले. बरोबर का?"

सगळा हॉल माझ्याकडे बघत होता. कुणाला वाटलं असेल, ही पार्वती कसला प्रश्न विचारते, समोर हार घातलेला फोटो दिसत नाही का. त्यांना रीत माहीत नव्हती. तूच शिकवलेली रीत, की पाठवणाऱ्याने म्हणेपर्यंत निरोप पोचला असं धरायचं नाही. ती तिकडे थांबली होती. मंगळवारपासून लोक मला भेटत होते, हात धरत होते, काय झालं हो म्हणत होते, आणि मी मान हलवत होते. तोंडाने ते मी एकदाही म्हटलं नव्हतं. सुमित्राने माझं मनगट घट्ट धरलं. मी माइक तोंडाजवळ नेला आणि म्हणाले,

"बरोबर."